शेजारची लेन

तिसऱ्या, म्हणजे आमच्या खाडीतले शिंपले, उकडायला ठेवल्या की थोड्या वेळाने आपणहून तोंड उघडतात. माणसांचं तसं नसतं. त्यांना नुसती आच पुरत नाही, ती चारचौघांत द्यावी लागते. आमच्या सरांचं तोंड मी असंच उघडलं आणि त्याचा मला आजही आनंद आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मी कुणाला मोठ्या मनाची बाई वाटायला नको.

मी पेडण्याची. म्हापशाजवळच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं गोव्यातल्याच एका संशोधन संस्थेत सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सर दिसायला देखणे, बोलायला गोड, आणि दुसऱ्याची कल्पना ऐकली की दुसऱ्या दिवशी ती आपली म्हणून सांगणारे. आधी मला हे गमतीचं वाटायचं. आम्ही विद्यार्थी कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायचो. आपली पाळी येईपर्यंत अशा गोष्टींचं हसूच येतं.

माझं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. आईलाही कळत नव्हता. तिला मी देवळातला कौल धरून समजावलं. आमच्याकडे गुरव मूर्तीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. मग सगळे बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळी चिकटून राहिली तर देव अजून विचार करतोय. आईला म्हटलं, पेशीच्या आत बारीक नळ्या असतात, त्यांना मायक्रोट्यूब्यूल म्हणतात. पेशीचा आकार, आतली ने-आण, एका पेशीच्या दोन होणं, सगळं त्या नळ्यांवर चालतं. त्या नळ्यांना एक प्रथिन चिकटून बसतं आणि त्यांना घट्ट धरून ठेवतं. पेशीला नळ्या मोकळ्या करायच्या असल्या की ती त्या प्रथिनाला ठराविक जागी एक फॉस्फेट लावते. फॉस्फेटचा भार ऋण, नळीचाही ऋण, त्यामुळे दोघांचं जमत नाही आणि प्रथिन नळीवरून सुटून पडतं.

"आणि मगे परत चिकटयता कोण?" आईने विचारलं.

"फॉस्फेटेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते लावलेलं फॉस्फेट काढून टाकतं. मग प्रथिन परत चिकटतं."

"म्हणजे तो गुरव," आई म्हणाली आणि नारळ खवायला लागली. माझ्या विषयाची याहून चांगली ओळख मला अजून कुणी करून दिलेली नाही.

ही फॉस्फेटची जागा यीस्टमध्ये आहे. माणसाच्या पेशीतही आहे, अगदी तीच. या दोन्हींत मी ती दाखवली होती. एकपेशी बुरशीपासून माणसापर्यंत निसर्गाने एकच बटण वापरलं, असं दिसत होतं, आणि सर त्यावर भाळले होते. त्यांना तिसरा प्राणी हवा होता, मधला, समुद्रातला. तिसऱ्यांची कल्पना माझी. शिंपल्याच्या मादीत अंडी मुबलक असतात, ती समुद्राच्या पाण्यात ठेवून नराचं बीज घातलं की सगळी जवळजवळ एकाच वेळी विभागायला लागतात. नळ्यांचा अभ्यास करणाऱ्याला आणखी काय हवं. शिवाय तिसऱ्या मला कुठे शोधायला जायला नको होतं. स्कूटर काढायची, हरमलच्या पर्यटकांच्या गर्दीतून वाट काढत केरीला जायचं, ओहोटीला खाडीत उतरलेल्या बायकांकडून टोपलीभर घ्यायच्या. अर्ध्या प्रयोगाला, अर्ध्या घरी. घरच्या अर्ध्यांचं आई सुकं करायची, खोबरं भरपूर घालून, आणि बाबा पोदेराकडचे उंडे, म्हणजे गोल पाव, त्याच्या रसात बुडवून खायचे.

प्रयोग असा. अंड्यांतली प्रथिनं काढायची, ती एका पातळ जेलीतून पळवायची, मग कागदासारख्या पडद्यावर उतरवायची. प्रत्येक नमुन्याची त्यात आपली वेगळी वाट असते, तिला लेन म्हणतात. मग त्यावर असं अँटिबॉडीचं पाणी ओतायचं जे फक्त फॉस्फेट लागलेली ती जागाच ओळखतं. ओळखली की काळी रेघ उमटते. तिसऱ्यांच्या लेनमध्ये रेघ उमटली. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना चहा पाजला, आणि तीन प्राणी, एक बटण, असं फळ्यावर लिहून टाकलं.

मला मात्र खात्री करायची होती. आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. फॉस्फेटची रेघ दिसली की तोच नमुना फॉस्फेटेज देऊन शेजारच्या लेनमध्ये चालवायचा. फॉस्फेट निघून गेलं की रेघही जायला हवी. यीस्टमध्ये गेली, माणसाच्या पेशीत गेली. तिसऱ्यांमध्ये जाईना. दोन्ही लेन शेजारी शेजारी आणि दोन्हींत रेघ तेवढीच काळी. याचा अर्थ उघड होता. अँटिबॉडी काहीतरी ओळखत होती, पण ते फॉस्फेट नव्हतं. मी ते चित्र संगणकावर सरांना दाखवलं.

"तुझ्या हातात काहीतरी चुकतंय," सर म्हणाले. "तिसऱ्या ताज्या आणत नसशील."

तिसऱ्या ताज्या आहेत की नाहीत हे पेडण्याच्या बाईला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पुन्हा प्रयोग लावायच्या तयारीत होते, तेवढ्यात बाबा काजूच्या बागेत घसरून पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. घरी आई एकटी. मी पेडण्याला आले आणि दीडेक महिना तिथेच अडकले.

परत गेले तेव्हा पेपर पाठवून झाला होता. तीन प्राणी, एक बटण. पहिलं नाव एका मुलाचं, जो तोपर्यंत परदेशी गेलाही होता, शेवटचं सरांचं. यीस्टची चित्रं माझी, माणसाच्या पेशींची माझी. तिसऱ्यांचंही चित्र माझंच, पण त्यात एकच लेन. शेजारची कापलेली. माझं नाव शोधायला मला पार खाली, आभारांच्या ओळीपर्यंत जावं लागलं. नमुने गोळा करण्यात मदत केल्याबद्दल आभार, असं होतं तिथे. म्हणजे मी खाडीत उतरून टोपली भरून देणारी. त्या बायकांबद्दल मला आदर आहे, त्यांच्या कष्टांवर मी वाढले, पण ते काम माझं नव्हतं आणि हे सरांनाही चांगलं ठाऊक होतं.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "काम चालू होतं तेव्हा तू होतीस कुठे?"

मी विभागप्रमुख मॅडमकडे गेले. मॅडमनी सरांना बोलावून माझ्यासमोर विचारलं. लेन कापली असं ही म्हणते, खरं आहे का. सर इतके शांत होते की क्षणभर मलाच माझी शंका आली. "अशी काही लेन मी कधी पाहिलीच नाही," ते म्हणाले. "हिने दाखवलीच नाही, तर मला कळणार कसं? माझ्यापर्यंत आलेल्या चित्रात एकच लेन होती." परदेशी गेलेल्या मुलाचा विषय त्यांनी काढला नाही, पण तो काढायची जागा मोकळी ठेवली. मॅडम मला म्हणाल्या, झालं ते झालं, पुढे बघ. चोर तो चोर वर शिरजोर, आणि पुढे मात्र मी बघायचं.

यीस्टच्या उरल्यासुरल्या कामावर कशीबशी पदवी घेऊन मी तिथून बाहेर पडले. त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले नाही. आई ताट झाकून माझ्या खोलीत आली.

"मी देवाक नारळ ठेवलंय," ती म्हणाली. "गुरवान गाऱ्हाणां घातल्यान. माझ्या चेडवाचा ज्येणां खाल्ल्यान, त्येका तू बघून घे म्हणान."

"मग? कौल काय दिला?"

"पाकळी पडूक नाय. देव म्हणता, थांब."

मला देवाचाही राग आला. मी थांबणाऱ्यांतली नाही.

पण थांबावंच लागलं. कॉलेजात नोकरी लागली, लग्न ठरता ठरता मोडलं, बाबा काठी घेऊन चालायला लागले. या सगळ्या काळात सरांवरचा राग मी लोणच्यासारखा जपला, मधूनमधून हलवून वरखाली करत. त्यांचा पेपर कुणी उद्धृत केला की मला कळायचंच, कारण मी दर आठवड्याला बघायचे. त्यांचं मुंबईला भाषण झालं, कुठेतरी शाल-श्रीफळ मिळालं, सगळं ठाऊक असायचं. लोक म्हणतात राग धरणाऱ्यालाच त्रास होतो. मला झाला नाही. मला त्याने सकाळी वेळेवर उठवलं.

मग तिसऱ्यांच्या जवळच्या जातीच्या शिंपल्याची सगळी जनुकं कुणीतरी वाचून जगासाठी खुली केली. रविवारी दुपारी आमच्या मेजापाशी बसून मी त्या प्रथिनाची अमिनो आम्लांची साखळी शोधून काढली आणि माणसाच्या साखळीखाली लावून पाहिली. फॉस्फेट जिथे लागतं तिथे सेरीन नावाचं अमिनो आम्ल असावं लागतं. शिंपल्यात त्या जागी सेरीन नव्हतंच. तिथे दुसरंच होतं, मुळातच ऋणभार असलेलं, कायमचं. अँटिबॉडी त्याला फसली होती. फॉस्फेटच नाही तर फॉस्फेटेज काढणार काय? माझी शेजारची लेन खरी होती. माझा हात खरा होता, तिसऱ्या ताज्या होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. तिला वाटलं लग्न पुन्हा जुळलं.

मजा पुढे होती. शिंपल्यातही प्रथिन नळीवरून सुटतं, हे मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. मग बटण कुठेतरी असणारच. साखळीत जरा पुढे गेल्यावर मला दोन सेरीन दिसली, जी यीस्टमध्ये नव्हती आणि माणसातही नव्हती. बटण गेलं नव्हतं, सरकलं होतं. जागा बदललेली, काम तेच. सरांच्या पेपरापेक्षा ही कितीतरी मोठी गोष्ट होती. पण नुसत्या साखळीवरून ती सिद्ध होत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. आमच्या कॉलेजात एक सूक्ष्मदर्शक, एक गळका नळ आणि कपाटात कासवाची कवटी, एवढंच. तर हत्यार माझ्या हातात होतं आणि ते चालवायला जागा नव्हती.

तेव्हा एक मुलगी आली. डिचोलीची, सरांची सध्याची विद्यार्थिनी. वडिलांचे ट्रक खाणी बंद झाल्यापासून अंगणात गंजत उभे, घरात ही पहिली एवढी शिकलेली. स्कूटरवर रिकामा आइसबॉक्स बांधून ती आमच्या दारात उभी राहिली. आभारांच्या ओळीत माझं नाव वाचून तिने मला शोधून काढलं होतं. तिसऱ्या मी कुठून आणायचे, हे तिला हवं होतं.

"मॅडम, ती रेघ वचनाच," ती म्हणाली. "फॉस्फेटेज दिलें तरी तशीच रावता. सर म्हणटात, तुजो हात बरो ना, तिसऱ्यो ताज्यो हाडिना."

तेच शब्द. इतक्या वर्षांनी एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तिला बसवलं, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत चुलीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझ्या तोंडावर काय होतं ते तिला दिसायला नको होतं.

खरं सांगते, माझा पहिला विचार असा होता की गप्प बसावं. तिला केरीच्या बायकांचा पत्ता द्यावा आणि जाऊ द्यावं. ती कशीबशी प्रबंध लिहील, सरांचीच गोष्ट पुढे रेटील, आणि तिच्या जाहीर तोंडी परीक्षेला मी जाईन. त्या परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं, कुणीही हात वर करून प्रश्न विचारू शकतं. मी उठेन आणि विचारेन, रेघ गेली का? सगळा डोलारा सरांच्या डोक्यावर कोसळेल. मुलीच्या डोक्यावरही कोसळेल, पण ते नंतरचं.

चहा उतू गेला. मागे वळून पाहिलं तर ती पोर खुर्चीच्या टोकावर बसून आपलेच हात बघत होती, उलटे-सुलटे करून, त्यांत खरंच काही दोष आहे का म्हणून. मला तिची दया आली असं लिहिलं तर छान दिसेल. दया आलीच थोडी. पण त्याहून जास्त मला एक युक्ती सुचली. ही मुलगी पडली तर सर तिच्यावर सगळं ढकलतील, जसं परदेशातल्या मुलावर ढकलायला निघाले होते. पण हिनेच जर खरं दाखवलं, त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच सहीने, तर? घरचा भेदी लंका दहन.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," मी म्हटलं, आणि संगणक उघडून तिला दोन साखळ्या एकाखाली एक लावून दाखवल्या.

पुढचे काही महिने आम्ही दोघींनी काम केलं. ती संस्थेत, मी घरून. केरीहून तिसऱ्या मी आणायचे, म्हापशाच्या बसस्टँडवर तिच्या आइसबॉक्समध्ये भरायचे. ती पुढची दोन सेरीन बदलून बघायची. ती बदलली की शिंपल्याचं प्रथिन नळीला चिकटून बसायचं, सुटायचं नाव नाही. विभागणी अडायची. बटण तिथेच होतं. ज्या दिवशी तिने ते चित्र मला फोनवर पाठवलं त्या दिवशी मी वर्गात मुलांना उगाच लवकर सोडलं.

आता सरांना सांगायची वेळ आली. मी तिला म्हटलं, सगळं दाखव, काहीही लपवू नको, माझं नाव मात्र काढू नको. मला वाटलं होतं ते आरडाओरडा करतील, प्रबंधावर सही करणार नाहीत. मग भांडण वर जाईल आणि मला हवं ते होईल. संध्याकाळी तिचा फोन आला.

"सर खूश जाले," ती म्हणाली. आवाज पडलेला. "म्हणाले, हें तर पयल्यापरस व्हड. आतां दुसरो पेपर बरोवया."

पहिल्यापेक्षा मोठं, म्हणून दुसरा पेपर लिहायचा. मी फोन ठेवला. आई जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं, माणूस चुकीचं सांगून मोठा झाला आणि आता चूक सुधारूनही मोठा होणार.

"पडलो तरी नाक वर," आई म्हणाली.

त्या रागाला मी काय नाव देऊ. माझ्या बाणाचा त्यांनी हार केला होता आणि तो गळ्यात घालून मिरवणार होते. चोरलेलं त्यांचंच, आणि चोरीचा माल खोटा निघाला तर खराही त्यांचाच. मी आईला म्हटलं, तुझ्या देवाला सांग, आता थांबवत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी साडी नेसून गेले, काठाची, ठेवणीतली. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी विभागप्रमुख मॅडम, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, वयस्क, चष्मा सारखा खाली घसरणाऱ्या. मी मागच्या रांगेत बसले. मुलगी सुरेख बोलली. यीस्ट, माणूस, शिंपला. मग तिने पडद्यावर ते चित्र आणलं. तिसऱ्यांच्या दोन लेन, शेजारी शेजारी, दोन्हींत रेघ. कित्येक वर्षांपूर्वी मी पाहिलं होतं, अगदी तसंच.

परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "याच प्रयोगशाळेचा आधीचा पेपर तर उलट सांगतो. तो चुकीचा म्हणायचा का?"

मुलीने सरांकडे पाहिलं. "हो मॅडम. तिसऱ्यांच्या बाबतीत चुकीचा."

मला वाटलं, हे पुरे. पण सर उठले. हसत उठले, मुलीकडे वडीलकीने पाहिलं, आणि सभेकडे वळले.

"विज्ञान असंच पुढे जातं," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर मला त्या निकालाची पहिल्या दिवसापासून शंका होती. म्हणूनच मी हिला हा विषय दिला."

टाळ्या पडल्या. लोकांना नम्रपणा आवडतो, कुणाचाही असो. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी ते वाक्य पुन्हा मनात म्हटलं. पहिल्या दिवसापासून.

अध्यक्षांनी विचारलं, सभेतून कुणाचे प्रश्न? मी हात वर केला. सरांनी मला ओळखलं आणि त्यांचं हसू आणखी मोठं झालं. "या आमच्या जुन्या विद्यार्थिनी," ते सभेला म्हणाले. "तिसऱ्या या आणायच्या." लोक हसले. मीही हसले.

"सर, प्रश्न तुम्हाला आहे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून शंका होती म्हणालात. ती कशावरून आली?"

एवढाच प्रश्न. विद्यार्थ्यालाही विचारावा इतका साधा. सरांना तो बक्षिसासारखा वाटला असणार. शिकवायची संधी त्यांनी कधी सोडली नाही.

"अर्थातच शेजारच्या लेनवरून," ते म्हणाले. "फॉस्फेटेज दिल्यावरही रेघ तशीच होती. अनुभवी डोळ्याला ते लगेच..."

तिथे ते थांबले. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, विभागप्रमुख मॅडमकडे बघत होते. मॅडम आधी समोर बघत होत्या. मग त्यांनी हळूहळू मान वळवली. ज्या लेनवरून शंका आली ती लेन आपण कधी पाहिलीच नाही, असं हा माणूस त्यांच्या खोलीत, माझ्यासमोर म्हणाला होता, आणि ते त्यांना आठवत होतं. बाईमाणसाला अशी वाक्यं आठवतात.

"म्हणजे पेपर पाठवण्याआधी तुम्ही ती लेन पाहिली होती," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या फक्त नीट समजून घेत होत्या.

सर म्हणाले, "तसं नाही, म्हणजे साधारण कल्पना..."

"पेपरात ती नाही."

"जागेची मर्यादा असते."

"एका लेनला?" बाईंनी विचारलं.

मागे कुणीतरी हसलं. सरांनी टेबलावरचा ग्लास उचलला, त्यात पाणी नव्हतं, तो परत ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या पडण्याची किती चित्रं मनात रंगवली होती. त्या सगळ्यांत ते ओरडत होते, माफी मागत होते, लाल होत होते. रिकामा ग्लास कुठेच नव्हता. तो मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

परीक्षक बाईंनी सभेकडे पाहिलं. "ते मूळ चित्र, दोन लेनचं, कुणी केलं होतं?"

पेपरावर ज्याचं नाव पहिलं होतं तो समुद्रापलीकडे होता. ज्याचं शेवटचं, तो समोर उभा राहून जमिनीकडे बघत होता. मी अजून उभीच होते.

"मी," मी म्हटलं.

तेवढंच म्हणायला मला इतकी वर्षं हवी होती. जास्त काही म्हणायचं नव्हतं. मी बसले, पदर सारखा केला, आणि पुढचं ऐकलंच नाही नीट. मुलीला पदवी मिळाली, तेवढं ऐकलं. बाहेर ती माझ्याकडे धावत आली आणि काही न बोलता माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. तिच्या हातांना काही झालेलं नव्हतं, हे मी तिला पुन्हा सांगितलं.

नंतर चौकशी झाली, संस्थेच्या मशीनवर मूळ चित्र सापडलं, पेपर मागे घेतला गेला. इंटरनेटवर त्याच्या पानावर आता तिरका लाल शिक्का आहे. माझं नाव तिथे कुठेही नाही, आभारांतही नाही, कारण आभारही मागे गेले. तरी मी मधूनमधून ते पान उघडते, दुपारच्या चहाबरोबर. सर निवृत्त झाले. कुणीतरी सांगत होतं, ते आजकाल कुठे बोलायला जात नाहीत. मी म्हटलं, अरेरे, आणि बिस्किट चहात बुडवलं.

परीक्षेच्या त्या दिवशी घरी पोचले तेव्हा आई पायरीवर बसून वाट बघत होती. तिला सगळं सांगितलं, ग्लासापर्यंत. तिने ऐकलं, उठली, आणि आत जाऊन नारळ काढून घेऊन आली, मोठा, शेंडी राखलेला.

"उद्या देवळात जावया," ती म्हणाली. "शेवटाक उजवो कौल दिल्यान गे देवान."

"देवाने नाही आई. मी केलं."

"तू कसला करतंस? देवान केल्यान."

वाद घालायला मी तोंड उघडलं. ज्याने काम केलं त्याचंच नाव लागलं पाहिजे, यासाठी मी माझं तारुण्य घालवलं होतं, आणि आता घरातच, पायरीवर, माझ्या आईने ते दुसऱ्याच्या नावावर केलं. पण तिच्या हातातला नारळ बघितला आणि म्हटलं, घेऊ दे. देवाने निदान माझी लेन कापली नव्हती.